आया नंबर दोन

"हात दे जरा."

सर म्हणाले. मी दिला. मला वाटलं, काहीतरी धरायचं असेल.

मेकअपच्या आरशासमोर ईरा बसली होती. केस मागे घट्ट बांधलेले, गळ्याभोवती टॉवेल. तिच्या गालावर रंगाचे पट्टे ओढलेले होते. गव्हाळ, सावळा, त्याहून सावळा. मेकअपदादा हातात स्पंज घेऊन उभे. सरांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात तिच्या गालाला लावला. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाऊजपीस साडीला लावून बघतात, तसा.

"हा. एक्झॅक्ट हा शेड पाहिजे," सर मेकअपदादांना म्हणाले. "उन्हातला वाटला पाहिजे. हिचा बघ ना, नॅचरल आहे."

ईरा आरशातून माझ्याकडे बघून हसली. "सॉरी गं. किती गार हात आहे तुझा."

मेकअपदादा रंग कालवायला लागले. मध्येच माझ्या हाताकडे बघायचे, परत डबीत बोट घालायचे. माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी. हॉलमध्ये दहा-पंधरा माणसं होती. कुणी मोबाइलवर, कुणी चहा पीत. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मी हात तसाच धरून उभी राहिले. कोपराला मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

त्या रंगाची बाई करायला मी ऑडिशन दिली होती. बाई दिली ईराला. रंग घेतला माझा.

मी नायगावच्या चाळीतली. आई परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आया. वॉर्डमध्ये सगळे तिला मावशी म्हणतात. डॉक्टर मावशी, पेशंट मावशी, पेशंटचे नातेवाईकही मावशी. नाव कुणाला माहीत नाही. वडील टेम्पो चालवायचे. मी शाळेत असतानाच ते गेले. आईच्याच हॉस्पिटलात.

नाटकाचं खूळ जयंतीतून आलं. चाळीच्या पटांगणात स्टेज बांधायचे. निळ्या पताका, हे एवढे स्पीकर. एका वर्षी पथनाट्यातली मुलगी तापाने पडली आणि मला उभं केलं. मी एक वाक्य बोलले आणि पटांगण गप्प झालं. आमच्याकडे गप्प असं कधी काही नसतं. कुकर, भांडणं, टीव्ही, पोरं, काहीतरी चालूच. आणि ते सगळं थांबलं. मी थांबवलं होतं. त्या दिवशी ठरलं, आपण हेच करायचं.

माटुंग्याला कॉलेजात गेल्यावर एकांकिकेच्या ग्रुपमध्ये नाव दिलं. पहिल्याच वाचनाला एक सीनियर म्हणाला, "आवाज कडक आहे गं. पण 'ण' कुठे ठेवून आलीस?"

सगळे हसले. मीही हसले. हसण्याशिवाय दुसरं काय करायचं ते मला तेव्हा येत नव्हतं. मला बॅकस्टेजला टाकलं. इस्त्री, कपड्यांच्या घड्या, पडदा.

मी 'ण' शिकले. सकाळी संडासच्या रांगेत बादली धरून पुटपुटायचे. पाणी. लोणी. कोण. म्हणून. मागच्या बाया म्हणायच्या, "काय गो, बातम्या देतंस काय?" मग घरातही तसंच यायला लागलं तोंडात. "पाणी दे" म्हटलं की आई वर बघायची. नुसती बघायची.

तिकडच्यांना माझी भाषा कच्ची. इकडच्यांना परकी. मध्ये मी एकटी.

कॉलेज संपलं, ऑडिशन सुरू झाल्या. लोकांना वाटतं ऑडिशन म्हणजे जाऊन बोलायचं. पण त्याआधी तयारी लागते, आणि तयारीला जागा लागते. आमची खोली एक. एकदा रडण्याचा सीन आला. आई कामावर गेलेली, म्हणून दार लावून करत होते. तेवढ्यात बाहेर धडाधडा दार वाजायला लागलं. उघडलं तर शेजारच्या काकू, त्यांच्यामागे अख्खी गॅलरी.

"काय झाला गो? आई बरी हाय ना?"

"बरी आहे. प्रॅक्टिस करत होते."

"कसली?"

"रडायची."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "त्याची पन प्रॅक्टिस लागते?" म्हणाल्या, आणि सगळ्यांना घेऊन गेल्या.

त्यानंतर मी वरळीला जायला लागले. सी-फेसच्या कठड्याशी उभं राहायचं, समुद्राकडे तोंड करून. मागून लोक चालायला, धावायला, कुत्री फिरवायला. मी समुद्राला शिव्या देते, समुद्राची माफी मागते, समुद्राला सांगते, मला सोडून जाऊ नकोस. एका आजोबांनी एकदा थांबून विचारलं, "बाळ, घरी कुणाला फोन करू का?" त्यांना वाटलं मी उडी मारणार. मला हसू आलं. मग घरी चालत येताना लक्षात आलं, फोन करायचा म्हटला तर आईशिवाय नंबर द्यायला मला दुसरं कुणी नव्हतं.

कधी व्हिडिओ पाठवायचा असायचा. नाव, वय, उंची. डावी बाजू, उजवी बाजू. मेसेजमध्ये हमखास लिहिलेलं, मागे साधी भिंत हवी. आमच्या खोलीत मोकळी भिंत नव्हती. दोरीवर चादर टाकायची, तिच्यापुढे उभं राहायचं, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवायचा. शेजारी कुकरची शिट्टी झाली की परत पहिल्यापासून.

आणि रोल? मोलकरीण. भाजीवाली. मयताच्या सीनमध्ये मागे बसलेली बाई. एकदा वकिलाच्या रोलसाठी बोलावलंय म्हणून गेले. चांगला शर्ट घातला होता, केस वर बांधले होते. रात्रंदिवस पाठ केलेला सीन. तिथल्या मुलाने माझ्याकडे वर-खाली बघितलं आणि हातातला कागद बदलला.

"नाही नाही, तुमचा हा."

दोन ओळी होत्या. दोन्हीत चहा होता.

अशात एका वेब सिरीजसाठी फोन आला. गोष्ट परळच्या हॉस्पिटलातल्या एका तरुण आयाची. तिचा नवरा आजारी पडतो, तिच्याच हॉस्पिटलात मरतो, ती पुढे उभी राहते. आया हीच मुख्य भूमिका. मी फोनवर दोनदा विचारलं, "मेन?" कास्टिंगवाली मुलगी म्हणाली, "हो हो, मेन."

मी आईला बघायला लागले. म्हणजे जन्मभर बघतच होते, पण आता शिकण्यासाठी. ती चपला कशा काढते. बसताना आधी भिंतीला हात कसा लावते. कुणी रागावलं की नजर खाली न घालता बाजूला कशी नेते, जशी काही तिथे दुसरं काम आहे. ती मला विचारायची, "काय बगतंस?" मी म्हणायचे, काही नाही.

ऑडिशन गिरगावात होती, एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये. बाकावर आम्ही पाचसहाजणी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकीचे ओठ हलत होते. माझा नंबर आला. टेबलामागे सर होते, सिरीजचे दिग्दर्शक. त्यांचं काम मी बघितलेलं होतं, त्यांच्याबद्दल मला फार आदर होता. खरंच होता. त्यांनी नाव विचारलं. मग आडनाव. मी सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले.

ते 'अच्छा' मी ओळखते. त्यात शिवी नसते, काही नसतं. फक्त एक कप्पा उघडतो, तुम्हाला आत ठेवतात आणि बंद करतात.

मी सीन केला. मध्ये कुठेतरी मी विसरले की मी गिरगावात आहे. संपला तेव्हा कॅमेऱ्यावरचा मुलगाही गप्प. सरांनी चष्मा काढला, पुसला.

"कुठे होतीस तू इतके दिवस?" म्हणाले.

मी गिरगावातून नायगावपर्यंत चालत आले. भायखळ्याचा पूल उतरले, लालबागला मसाल्याच्या दुकानांपुढे शिंकत उभी राहिले आणि एकटीच हसले. घरी पोचले, आईला सांगितलं. आईने शेजारी सांगितलं. मग काय, अंधार पडायच्या आत चाळीभर झालं. मुलगी हिरॉइन झाली.

पुढच्या आठवड्यात सर आमच्या घरी आले. सोबत लेखक आणि ती कास्टिंगवाली मुलगी. रिसर्च, म्हणाले. आईने बोंबील तळले होते. सर जमिनीवर मांडी घालून बसले, दोनदा मागून खाल्ले. आई आपली पदर सारखा करत उभीच. सर म्हणाले, "बसा ना आई. तुमच्याबद्दल सांगा. आम्हाला तुमच्याकडून शिकायचंय."

असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं. ती बसली. बोलायला लागली. वॉर्डातलं, सिस्टरचं, रात्रपाळीचं. मध्ये सर हळूच म्हणाले, "आणि हिचे वडील गेले तेव्हा?"

आई थांबली. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बदली बाय आली नव्हती. वॉर्ड सोडून जाता येयना. वरच्या मजल्यावर हे, खाली मी. एक म्हातारा भांडा मागत व्हता. मी त्याला दिला. तवाच सिस्टर सांगाय आली. माजा माणूस गेला तवा मी दुसऱ्याचा भांडा धरून हुबी व्हती."

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत एका खोलीत राहून मला हे माहीत नव्हतं. मी वळून तिच्याकडे जाणार तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. लेखकाचा मोबाइल बोंबलाच्या ताटाशेजारी पालथा ठेवलेला होता. रेकॉर्डिंग चालू होतं.

मी काही बोलले नाही. सिरीज माझीच होती ना. माझ्या आईचं वाक्य माझ्याच तोंडात येणार होतं.

नंतर मला दादरच्या तालीम हॉलवर बोलावलं. मी अर्धा तास आधी पोचले. सरांनी खुर्ची दिली. चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"तू फार खरी आहेस," ते म्हणाले. "हे मी कौतुकाने बोलतोय. पण प्रॉब्लेम असा आहे, की स्क्रीनवर खरं वाटलं पाहिजे. खरं असलं की जड होतं. लोकांना झेपत नाही."

चहा आला. त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

"आणि वरच्या लोकांना ओळखीचा चेहरा पाहिजे. ईरा करतेय. पण तू आपल्यासोबत आहेस हां. तिला भाषा शिकव, बसणं-उठणं शिकव. आणि स्क्रीनवरही ठेवतोय तुला. आया नंबर दोन."

"डायलॉग?" मी विचारलं.

"प्रेझेन्स," ते म्हणाले. "प्रेझेन्स आहे तुझा."

मी हो म्हटलं. लोक विचारतात, का म्हटलंस? चाळीत काय सांगायचं होतं, हे एक. आणि दुसरं खरं. इतकी वर्षं त्या खोल्यांच्या बाहेर बाकांवर बसून काढली होती. आता आत बसायला मिळत होतं. कशाला का होईना.

ईरा वाईट मुलगी नव्हती. शिवाजी पार्कला घर, वडील मोठे नट, लहानपण विंगेतच गेलेलं. मला मिठी मारायची. "तू माझी गुरू आहेस," म्हणायची. मी तिला शिकवायचे, पानी म्हण. नाय म्हण. हाय म्हण. जे मी संडासच्या रांगेत उभी राहून जिभेवरून खरवडून काढलं होतं, तेच आता तिच्या जिभेवर ठेवायचं. ती म्हणायची, "किती गोड आहे गं ही भाषा!" माझ्या तोंडात ती कुणाला गोड लागली नव्हती.

एक दिवस तिने विचारलं, "तुला राग नाही ना आला माझा?"

मी म्हटलं, "छे."

जेवायच्या सुट्टीत सगळे मिळून बाहेर जायचे. कोणीतरी म्हणायचं, "तू डबा आणलायस ना?" मी हो म्हणायचे. मग सगळे जायचे आणि हॉल रिकामा व्हायचा. पंखे चालू राहायचे. मी स्टेजच्या कडेला बसून भाकरी खायचे. खाऊन झालं की उभी राहायचे, आणि कुणी नसताना ऑडिशनचा आख्खा सीन करायचे. रोज. खुर्च्यांसमोर.

मग तो हाताचा दिवस आला. लुक टेस्ट होती. कॅमेरा लावलेला, वरची दोन मोठी माणसं बघायला आलेली.

रंग ठरला. ईराच्या तोंडाला लागला, मानेला, हातांना. तिला निळसर साडी नेसवली, आयांची असते तशी. ती उभी राहिली तेव्हा टाळ्या पडल्या. "ओळखूच येत नाहीयेस!" मी माझ्या साडीत भिंतीला टेकून उभी. नंबर दोन.

सर म्हणाले, "सीन घेऊ. भांडंवाला."

तो सीन तालमीत कधी आलाच नव्हता, त्यामुळे ते वाक्य घेतलंय हे मला माहीत नव्हतं. शब्दाला शब्द. ईराने कागद बघितला, मान वर करून विचारलं, "हे भांडं म्हणजे? जेवणाचं?"

"बेडपॅन," कुणीतरी म्हणालं.

"ई!" ती म्हणाली. सगळे हसले. ईरा स्वतःही हसली, मग "सॉरी, सॉरी" म्हणत पुन्हा उभी राहिली. वाक्य बोलली. सर म्हणाले, नाही. परत बोलली. नाही.

"फार सुशिक्षित येतंय. थोडी अडाणी कर."

ती बोलली.

"अजून अडाणी."

ती बोलली. ओठ बाहेर काढून, मान हलवून. मागे कुणीतरी फिसकलं. वरचा एक माणूस मोबाइलवर तिचा व्हिडिओ घ्यायला लागला.

"थांब," सर म्हणाले. माझ्याकडे वळले. "तू ये इकडे. करून दाखव हिला. तुझी आई बोलली ना, जशीच्या तशी. हातवारे, तोंड, सगळं. लाजू नकोस."

मी पुढे आले. कॅमेऱ्याच्या समोर. ज्या जागेवर उभं राहायला मी इतकी वर्षं मरत होते, त्या जागेवर. सगळे माझ्याकडे बघत होते. काहींच्या ओठांवर हसू तयार होतं, आता येणार म्हणून.

मला ते वाक्य येत होतं. माझ्याइतकं कुणाला येणार? तोंड उघडलं आणि मला आई दिसली. वॉर्डातली नाही, खोलीतली. थांबून माझ्याकडे बघणारी.

"नाही करणार," मी म्हटलं.

"काय?"

"नाही करणार. आणि हे वाक्य काढा. ते माझ्या आईचं आहे."

सर हसले. समजूतदार हसतात तसं. "अगं, त्यांनीच दिलंय ना आपल्याला? आपण त्यांचीच गोष्ट सांगतोय. तुमचीच गोष्ट."

"मग मी सांगते. मला द्या रोल."

ते हसू गेलं. त्यांनी एकदा वरच्या माणसांकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ. इथपर्यंत कुणी आणलं तुला? हाच प्रॉब्लेम असतो. तुम्हा लोकांना जरा संधी दिली की..."

आणि थांबले.

"कुठल्या लोकांना?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा सारखा केला.

"सर, पूर्ण बोला. कुठल्या लोकांना?"

माझा आवाज चढला नव्हता. मी वाट बघत होते. खरंच वाट बघत होते. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी ते वाक्य माझ्या तोंडावर पूर्ण करावं, असं मला वाटत होतं. 'ण' कुठे ठेवलास म्हणणारा तो सीनियर, कागद बदलणारा मुलगा, ते 'अच्छा'. सगळ्यांनी अर्धंच म्हटलं होतं. उरलेलं अर्धं दर वेळी मीच घरी नेलं होतं आणि एकटीने बसून पूर्ण केलं होतं. आता नाही. आता तुम्ही करा.

त्यांनी केलं नाही. मान फिरवली आणि कॅमेऱ्यावरच्या मुलाला म्हणाले, "ब्रेक घेऊ."

ईरा रडायला लागली होती. डोळ्यांखालचा रंग ओघळला आणि आतली गोरी रेघ दिसली. मेकअपदादा टिश्यू घेऊन धावले. सगळे तिच्याभोवती जमले, तिला पाणी, तिला खुर्ची. मी पडद्यामागे जाऊन साडी बदलली, पिशवी घेतली आणि जिना उतरले. मागून कुणी हाक मारली नाही.

खाली दादरचा फूलबाजार भरात होता. लोक धक्के देत होते, हारवाले ओरडत होते, पायाखाली झेंडूचा चिखल. मी त्या गर्दीत किती वेळ उभी होते, आठवत नाही. मला वाटत होतं मोठं काहीतरी झालंय. पण कुणाला सांगणार? एका बाईने मला बाजूला सारलं आणि म्हणाली, "घेयाचा नसंल तर सर ना पुढं."

घरी पोचायच्या आत मला सिरीजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलेलं होतं. नंतर कास्टिंगवाल्या मुलीचा मेसेज आला. 'तुझं बरोबर होतं.' मी उत्तर लिहायला घेतलं तोवर तिने तो डिलीट केला.

मग फोन यायचे थांबले. ही मुलगी भांडखोर आहे, असं पसरलं म्हणे. मी परळला एका ऑफिसात फोन घ्यायची नोकरी धरली. गिरणीच्या जागेवर झालेली काचेची इमारत. दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, "आपण कोण बोलताय?" म्हणायचं. 'ण' तेवढा कामाला आला.

चाळीत सुरुवातीला विचारायचे, "कधी दिसनार गो?" मग विचारायचं बंद केलं. ते जास्त लागलं.

सिरीज आली. मी बघितली नाही. आईने बघितली. वॉर्डातल्या एका सिस्टरने मोबाइलवर दाखवली, "मावशी, बघा तुमच्यावर आलंय." त्या दिवशी आई घरी आली, पाय धुतले, माझ्यासमोर बसली.

"माजा बोलना तिनं कसा बोलला गो?"

मी सगळं सांगितलं. मोबाइल, रोल, हॉल, नाही म्हटलं ते. हात धरला ते सोडून सगळं. मग म्हटलं, "आई, तू त्यांना सांगितलंस म्हणून..."

"मी त्यांना नाय सांगितला," ती म्हणाली. "मी तुला सांगितला. किती वर्सा सांगाचा व्हता. ते थय बसले व्हते, म्हनून काय त्यांचा झाला?"

तिने पदराने पाय पुसले.

"आनि तुला येत व्हता ना बोलाय? मग लोकांनी ता तुज्या तोंडून का नाय ऐकला?"

तिला राग नव्हता आला. ती खरंच विचारत होती. तिच्या डोक्यात तो हिशेब साधा होता. आईचं मुलीला. मुलीचं मुलीने बोलायचं. मध्ये दुसरं कुणी कशाला?

ती उठली, स्टोव्हकडे गेली. तिची पाठ माझ्याकडे होती आणि ती पुढचं सांगायला लागली. म्हातारा नंतर काय म्हणाला, वडिलांचे डोळे कुणी मिटले, ती जिना कशी चढली. सगळं. या वेळी खोलीत फक्त मी होते. मी ऐकलं. एक शब्द कुठे उतरवला नाही.

मी परत ऑडिशनला जायला लागलेय. सुट्टी टाकून जाते. वरळीचा कठडा परत सुरू झालाय. एकटीच जाते, एकटीच येते. आया द्या, मोलकरीण द्या, करीन. कामाची लाज मला कधीच नव्हती. पण वकिलासाठी बोलावलं असेल तर वकिलाचाच कागद मागते, आणि मिळेपर्यंत खुर्चीवरून उठत नाही. त्यामुळे बऱ्याचदा काहीच मिळत नाही.

परवा एका ठिकाणी गेले होते. कॅमेऱ्यामागचा मुलगा चांगला होता, वयाने लहान. माझा पत्ता वाचून त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "मॅम, आम्ही रिअल स्टोरीज शोधतोय. तुमच्या घरचं काही, स्ट्रगल, काही दुःख? मोकळेपणाने बोला. आम्ही नुसतं रेकॉर्ड करून ठेवतो."

त्याने लाल बटण दाबलं.

"बंद कर ते," मी म्हटलं. "माझ्या घरचं मी विकायला आणलेलं नाही. ते मी स्वतः करणार आहे. माझ्या नावाने, माझ्या आडनावासकट, मी मध्यभागी उभी राहून. कधी ते माहीत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून नाही. आज मी अभिनय करायला आलेय. सीन असेल तर दे."

त्याने कॅमेरा बंद केला. इकडेतिकडे बघितलं. म्हणाला, "मॅम, सीन असा काही नाहीये."

"मग असेल तेव्हा बोलव," मी म्हटलं, आणि पुढच्या मुलीसाठी खुर्ची रिकामी केली.